दूरदर्शनचे रेकॉर्डिंग : मलकापुरातील टी.व्ही. दुरुस्तीवाल्यांसाठी एक जोडकाम

टी.व्ही. दुरुस्तीचा धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. पिक्चर ट्यूबचे संच गेले, व्ही.सी.आर. तर केव्हाच गेला. मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावी सोल्डरिंगचे काम येणाऱ्या कारागिराला आता छत्री बसवणे, बॉक्स बदलणे एवढेच काम उरले आहे. याच कामाला जोडून करता येण्यासारखे एक काम आहे. ते म्हणजे घरच्या टी.व्ही.वर येणारे कार्यक्रम वेळ लावून टिपून ठेवण्याची सोय करून देणे. यात भांडवल थोडे लागते, पण माहिती पक्की लागते. ती नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी बॉक्स परत आणून देतो.

आधी अँटेनाचा विषय संपवू. गावात अजून काही गच्च्यांवर जुन्या ॲल्युमिनियमच्या काड्या उभ्या आहेत आणि "यावर सह्याद्री येईल का?" असे विचारणारे लोकही आहेत. त्यांना स्पष्ट नाही म्हणावे. प्रसार भारतीने मोजकी पन्नास केंद्रे वगळून जुन्या पद्धतीचे सर्व ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले आणि त्याप्रमाणे ते बंद झाले. २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबाद अशा सोळा शहरांत अँटेनावर डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले खरे, परंतु औरंगाबाद आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे एकशे चाळीस किलोमीटर आहे आणि मध्ये अजिंठ्याचे डोंगर आहेत. ते प्रक्षेपण येथे मिळणार नाही. तेव्हा अँटेनाचा डिजिटल ट्यूनर मलकापुरात कोणाच्या गळ्यात मारू नये. विदेशात अँटेना आणि उपग्रह असे दोन्ही ट्यूनर एकाच रेकॉर्डरमध्ये असतात, त्याची जाहिरात पाहून कोणी विचारले तर हेच उत्तर द्यावे.

आपल्याकडे मार्ग आहे तो छत्रीचा. दूरदर्शनची मोफत डी.टी.एच. सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डी.डी. डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली, आज तिला 'डी.डी. फ्री डिश' म्हणतात. ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. मलकापूरहून पाहिले तर हा उपग्रह उत्तरेपासून सुमारे १३९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे ५८ ते ५९ अंश उंचीवर आहे. छत्री मात्र इतकी आडवी दिसत नाही, कारण ऑफसेट छत्री तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. नवशिके येथेच फसतात आणि छत्री नको तितकी आकाशाकडे कलवतात.

नुसते पाहण्यासाठी सिग्नल जेमतेम असला तरी चालते, चित्र क्षणभर फुटले की लोक विसरतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र फुटलेली जागा कायमची राहते, आणि कधी कधी पुढची फाईलच चालत नाही. म्हणून हे काम घेताना साठ सेंटीमीटरची छत्री असेल तर ती बारकाईने जुळवावी, एल.एन.बी.ची पिळण तपासावी, उन्हाने तडकलेली वायर आणि गंजलेला कनेक्टर बदलावा. जमत असेल तर मोठी छत्री सुचवावी. पावसाळ्यात फरक कळतो.

आता बॉक्स. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा फ्री डिश बॉक्सना यू.एस.बी. असते, पण यू.एस.बी. असणे म्हणजे रेकॉर्डिंग होणे नव्हे. कित्येक बॉक्स फक्त पेन ड्राईव्हवरची गाणी-सिनेमे वाजवतात. मेनूत रेकॉर्डिंग आणि टायमर दोन्ही आहेत की नाही हे दुकानातच लावून पाहावे. शिवाय बॉक्स एमपीईजी-४ चालवणारा घ्यावा. नाही तर त्या पद्धतीने येणारे चॅनेल त्यावर दिसणारच नाहीत.

जागा किती लागेल हा गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असतो. साधा चॅनेल सेकंदाला अडीच मेगाबिटने येतो असे धरले तर तासाला सव्वाअकराशे मेगाबाईट, म्हणजे साधारण सव्वा जी.बी. धरून चालावे. या हिशेबाने ३२ जी.बी.च्या पेन ड्राईव्हमध्ये पंचवीस तास सहज मावतात. व्ही.एच.एस.ची मोठी कॅसेट तीन तासांची होती, हे आठवले म्हणजे फरक लक्षात येईल. मात्र पेन ड्राईव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेला असेल तर एक फाईल चार जी.बी.च्या पुढे जात नाही. चांगला बॉक्स तेथे नवी फाईल सुरू करतो, वाईट बॉक्स थांबतो. क्रिकेटचा सामना साडेतीन तासांनंतर तुटला अशी तक्रार आली तर आधी हेच पाहावे.

हार्ड डिस्क जोडायची असेल तर वीज पाहावी. यू.एस.बी.च्या साध्या तोंडातून पाचशे मिलिअँपिअर मिळतात. डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढते, आणि मग बॉक्स पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो. अशा वेळी स्वतःचा ॲडॅप्टर असलेली डिस्क किंवा हब द्यावा. टाईमशिफ्टची सोय बंद करून ठेवावी. ती चालू असेल तर बॉक्स दिवसभर लिहीत राहतो आणि पेन ड्राईव्ह लवकर मरतो.

एक ट्यूनर एका वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बसतो. त्याच ट्रान्सपाँडरवरचा दुसरा चॅनेल बघता येतो, अन्यथा नाही. घरात दोन जणांना दोन चॅनेल हवे असतील तर दोन तोंडांची एल.एन.बी. आणि दोन वायरी टाकाव्यात. एल.एन.बी.ला बॉक्सकडून कधी १३ तर कधी १८ व्होल्ट जातात, त्यामुळे एकाच वायरीवर स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवले की ते एकमेकांचे काम बिघडवतात.

सशुल्क डी.टी.एच. कंपन्यांच्या रेकॉर्डरचे गणित वेगळे आहे. तेथील रेकॉर्डिंग सांकेतिक असते, ते त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स गेला की साठवलेलेही गेले. केबलचे तसेच. २०१७ पर्यंत केबल डिजिटल झाल्यापासून वायर थेट टी.व्ही. ट्यूनर कार्डाला जोडून रेकॉर्ड करण्याचे दिवस संपले.

हे सर्व कोणासाठी? २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्रीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या पाठांची मालिका लागत होती. ज्या घरात एकच टी.व्ही., वडिलांचे काम त्याच वेळेचे आणि फोनला नेट नाही, त्या घरातल्या मुलांचा हुकलेला पाठ हुकलाच. शेतीचे कार्यक्रमही भर कामाच्या वेळी लागले तर शेतकरी पाहू शकत नाही. अशी घरे आपली खरी गिऱ्हाइके आहेत. सिनेमा तर आता कोणीही फोनवर पाहतो.

कायद्याची बाजू प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावी, कारण येथे चूक महाग पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाने प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला पंचवीस वर्षांचा हक्क दिला आहे. ३९ व्या कलमाने सवलत दिली आहे ती रेकॉर्ड करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी. म्हणून गिऱ्हाईकाच्या घरी सोय करून द्या, मजुरी घ्या. पण दुकानात बसून मालिका टिपायच्या आणि पेन ड्राईव्ह भरून विकायचे, हॉटेलात पैसे घेऊन दाखवायचे, केबलच्या स्थानिक चॅनेलवर लावायचे, हे या सवलतीत बसत नाही. जाणूनबुजून केले तर ६३ व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. "भाऊ, चार सिनेमे टाकून द्या" म्हणणारा ओळखीचाच असतो. त्याला चहा पाजून परत पाठवावे.

शेवटी, काम सोपवण्यापूर्वी टायमर लावून दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग गिऱ्हाईकासमोर करून दाखवावे, आणि मधेच मेन स्विच बंद करून पाहावा. आपल्याकडे लाईट जाणार हे गृहीत आहे. पुष्कळ बॉक्स घड्याळाची वेळ उपग्रहाकडूनच घेतात, ते लाईट आल्यावर सावरतात. काही मात्र टायमर विसरतात. अशा घरी बॉक्स आणि डिस्क इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यावेत आणि त्या पॉइंटची मजुरी बिलात वेगळी लिहावी.