गव्हाणीतला ऊस एकसारखा का पडला पाहिजे?



काट्यावर वजन झालं, गाडी खाली झाली, पावती खिशात पडली, की आपलं काम संपलं असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्या उसातली किती साखर पोत्यात जाणार आणि किती चिपाडाबरोबर बॉयलरात जळणार, हे गव्हाण ते मिल या वाटेवर बरंचसं ठरत असतं. म्हणून या वेळी त्या वाटेचीच माहिती देत आहोत.

2500 टनी कारखान्याला तासाला सुमारे 104 टन, म्हणजे मिनिटाला पावणेदोन टनांच्या आसपास ऊस लागतो. पण ऊस काही पाटाच्या पाण्यासारखा येत नाही. क्रेन मोळ्यांचा ढीग एकदम सोडते आणि पुढच्या खेपेपर्यंत हात रिकामा. त्यामुळे गव्हाणीत कुठं डोंगर, कुठं मोकळी पट्टी. लेव्हलर डोंगर सपाट करतो, कटरच्या सुऱ्या तुकडे करतात, फायबरायझरचे हातोडे त्याचा भुगा करतात, तरी कमीजास्त राहतंच. थर जाड आला की मिल गुदमरते. पातळ आला की रोलरला पकड मिळत नाही, रस पुरता निघत नाही, आणि वर सोडलेलं पाणी नुसतं रसात मिसळून पुढं ते आटवायला वाफ खातं.

पूर्वी कॅरिअरवरचा माणूस नजरेनं वेग कमीजास्त करी. जुनी जाणती माणसं हे काम फार छान करीत, हे मानलंच पाहिजे. पण रात्रपाळीला पहाटे तीन वाजता कुणाचाही डोळा जडावतो. आता बऱ्याच कारखान्यांत मिलच्या तोंडावर उंच, उभी पेटी असते. तिला डोनेली शूट म्हणतात. ती ठरावीक उंचीपर्यंत भरलेली असली की भुगा आपल्याच वजनानं दबून रोलरमध्ये शिरतो. पेटीच्या अंगाला खालीवर सेन्सर बसवलेले असतात. भुगा खाली उतरला की कॅरिअर जोरात, वर चढला की हळू. फायबरायझरच्या मोटारीवर ताण वाढला, तरी कॅरिअर आपोआप दमानं घेतो.

मिलमागं चिपाड येतं, 100 टन उसामागं साधारण 28 ते 30 टन. तेच पट्ट्यावरून थेट बॉयलरकडं जातं. म्हणजे ऊस तुटला की चिपाड तुटतं, चिपाड तुटलं की वाफ पडते, आणि मग सगळाच कारखाना रेंगाळतो. तोवर यार्डात गाड्या उभ्या आणि तुटलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होत असते.

2025-26 हंगामासाठी केंद्र सरकारनं 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागं 355 रुपये एफआरपी जाहीर केली. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. टनाला हिशेब केला तर 34 रुपये 60 पैसे. एवढासा दशांश, पण तो सगळ्या सभासदांच्या सगळ्या टनांना लागतो.

आता एक गोष्ट यंत्राच्या हाताबाहेरची. कॅरिअरवरचं चुंबक लोखंड ओढून घेतं, दगडाला ते काही करू शकत नाही. मोळीतून आलेला दगड हातोडे मोडतो, कधी रोलरचे दातही. कोयता किंवा ट्रॉलीची पिन उसाच्या गचक्यात अडकली तर चुंबकालाही ती दरवेळी सापडेलच असं नाही. तेव्हा तोडणीच्या वेळी मुकादमाला बजावून ठेवा, आणि भरताना कोयता हरवला असेल तर गाडी खाली होण्याआधीच काट्यावर सांगा.