पीनस आणि नाक धुण्याचे पाणी : वरच्या वर्गांसाठी एक आरोग्यपाठ

पावसाळा सरून हवेत गारठा येऊ लागला म्हणजे खेड्यातील शाळेत निम्मा वर्ग नाक ओढीत बसलेला दिसतो. शिक्षक तिकडे फारसे लक्ष देत नाहीत आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते योग्यच असते, कारण साधे पडसे आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. परंतु त्याच वर्गात एखादे मूल असे असते की ज्याचे नाक तीन-तीन आठवडे वाहते. ते तोंड उघडे ठेवून श्वास घेते, रात्री खोकते आणि विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावयास लावते. अशा मुलास 'मठ्ठ' ठरविले जाते. वस्तुतः नाकामागील सूज कानाच्या नळीपर्यंत पोहोचल्यामुळे त्यास कमी ऐकू येत असण्याचा संभव असतो. त्यास पुढच्या बाकावर बसवावे आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य-तपासणी पथकास अवश्य दाखवावे.

नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : गालांच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मध्ये, भुवयांच्या वर कपाळात आणि नाकाच्या मागे खोलवर. यांनाच सायनस म्हणतात. 'मला सायनस आहे' असे लोक आजाराच्या अर्थाने म्हणतात खरे, पण सायनस सर्वांनाच असतात. त्यांस सूज आली म्हणजे तो पीनस होय. कपाळातील पोकळ्या मात्र जन्मतः नसतात, त्या पुढे हळूहळू वाढतात. म्हणून पहिलीतील मुलाचे कपाळ दुखते तेव्हा त्याचे कारण तेथे शोधण्यापेक्षा मूल सकाळी काही खाऊन आले आहे काय आणि त्यास फळा नीट दिसतो काय, हे आधी पाहावे. मोठ्या माणसांतही सायनसची म्हणून समजली जाणारी डोकेदुखी पुष्कळदा अर्धशिशीच असते.

पोकळीत पाझरणारा श्लेष्मा बाहेर कसा येतो, हे मुलांस प्रयोगाने दाखविणे उत्तम. एक रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. वरच्या काठापासून दोन बोटे खाली खिळ्याने भोक पाडावे आणि डबा निम्मा पाण्याने भरावा. डबा सरळ असताना थेंबही बाहेर पडत नाही; भोकाच्या बाजूस कलता केला की धार लागते. गालाच्या पोकळीचे द्वार असेच वरच्या अंगास असते. मग उभ्या माणसाचा श्लेष्मा बाहेर येतो कसा, असा प्रश्न चौकस मूल विचारीलच. पोकळीच्या अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ती अखंड हलत राहून श्लेष्मा वर द्वाराकडे लोटीत असते. आता भोकावर ओल्या कणकेचा गोळा बसवून डबा पुन्हा कलता करावा. पाणी आतच राहते. पडशात द्वाराजवळचे अस्तर सुजते तेव्हा हेच घडते : श्लेष्मा आत तुंबतो, गाल जड होतो आणि वाकले की ठणकतो.

ही सूज बहुतांशी विषाणूंमुळे येते आणि विषाणूंवर प्रतिजैविक औषधांचा काही उपयोग होत नाही. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला एवढ्यावरून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणे चूक होय. दहा दिवस उलटूनही उतार न पडणे, बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढणे, अथवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस तीव्र ताप व पुवासारखा स्राव असणे, या खुणा दिसल्यास मात्र वैद्यकीय तपासणी हवी.

घरगुती उपायांपैकी विश्रांती, गरम पेज, आले-तुळशीचा काढा आणि ओव्याच्या पुरचुंडीचा कोमट शेक यांनी आराम वाटतो व अपाय होत नाही. तेवढ्यासाठी ते चांगलेच. त्यांनी रोग मुळापासून जातो असे मात्र सांगू नये. वाफाऱ्याविषयी अधिक सावध असावे. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाफेने डोकेदुखी काहीशी कमी झाली, परंतु इतर लक्षणांवर विशेष परिणाम दिसला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांस थोडा, पण खरा फायदा आढळला. उकळत्या पाण्याचे पातेले मांडीजवळ आणि डोक्यावरून गोधडी, अशा स्थितीत मूल जरा हलले तरी पातेले कलंडते. इतक्या अल्प लाभासाठी लहान मुलास भाजण्याच्या संकटात घालू नये. निलगिरीचे तेल व कापूर पोटात गेल्यास मुलांस झटके येतात. तान्ह्या मुलाच्या नाकात तेल सोडण्याची चाल तर बंदच व्हावयास हवी, कारण ते तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरते.

आता नाक धुण्याविषयी. हठयोगाच्या षट्कर्मांत नेती आहे, परंतु 'हठयोगप्रदीपिके'त वर्णिलेली नेती दोऱ्याची आहे. पाण्याने करावयाची जलनेती आज अधिक प्रचारात आहे. तिचे पाणी असे करावे : अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा स्वच्छ बारीक मीठ विरघळवावे. हे प्रमाण शरीरातील द्रवाच्या खारटपणाशी जवळजवळ जुळते, म्हणून नाक चुरचुरत नाही. निव्वळ पाणी मात्र झोंबते, हे नदीत बुडी मारणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. पुढे वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर पडते. नंतर नाक हलकेच शिंकरावे. जोराने शिंकरल्यास स्राव कानाकडे ढकलला जातो. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर नेती करू नये.

या साऱ्या विधीत महत्त्वाचे काय असेल, तर ते पाणी. पिण्यास चालणारे पाणी नाकासही चालेल, असे सर्वांस साहजिकच वाटते. परंतु ते खरे नाही. कोमट गोड्या पाण्यात 'नेग्लेरिया फौलेरी' नावाचा अमीबा राहतो. तो पोटात गेला तर जठरातील आम्लामुळे अपाय होत नाही. नाकात वर गेला तर मात्र गंधाच्या नसेतून मेंदूत शिरतो, आणि मग क्वचितच कोणी वाचते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली दोघांचा असा मृत्यू झाला. दोघांनीही नळाचे पाणी वापरून नेती केली होती. केरळात २०२४ व २०२५ साली अमीबाजन्य मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले. रोग अत्यंत विरळ आहे, तेव्हा गावात घबराट पसरवू नये. पण त्याचा प्रतिबंध एका चुलीच्या अंतरावर आहे. फडक्याने गाळणे अथवा तुरटी फिरविणे येथे पुरेसे नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान १ मिनिट उकळत ठेवावे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९८० मीटरच्या वर ३ मिनिटे लागतात, कारण उंचीवर पाणी कमी तापमानास उकळते. परंतु कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरच असल्यामुळे महाराष्ट्रात १ मिनिट सर्वत्र पुरते. (भूगोलाच्या तासास ही जोड सहज देता येईल.) उकळलेले पाणी झाकून निववावे आणि त्याच दिवशी वापरावे. नेतीचे भांडेही अशाच पाण्याने धुऊन कोरडे ठेवावे.

योगदिनाच्या निमित्ताने शाळेत जलनेतीचे सामुदायिक प्रात्यक्षिक करण्याचा उत्साह कोठे कोठे दिसून येतो. शाळेच्या टाकीतील पाणी आणि सर्वांस मिळून एकच भांडे, अशी व्यवस्था असेल तर हे प्रात्यक्षिक करूच नये. शाळेत पाण्याची कृती शिकवावी. नाक धुणे घरी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि डॉक्टरांस विचारून व्हावे.

डोळ्याभोवती सूज वा लाली, एकाच्या जागी दोन दिसणे, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी, मान ताठणे किंवा मुलास गुंगी येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. पोकळीत तुंबलेला पू डोळ्याकडे किंवा मेंदूकडे पसरत असल्याची ती खूण असू शकते.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे ही गोष्ट निराळी. बालवाडी-पहिलीच्या मुलांत ते बहुधा पडसे नसतेच. नाकात खडूचा तुकडा, मणी किंवा चिंचोका अडकलेला असतो. तो काडीने कोरू नये. पाणी घालून धुऊ तर मुळीच नये, कारण वाटाण्यासारखे दाणे भिजून फुगतात आणि अधिकच घट्ट बसतात. खेळण्यातील वा घड्याळातील चपटी बटनाएवढी बॅटरी असल्याचा नुसता संशय आला तरी शाळा सुटण्याची वाट पाहू नये. ती काही तासांतच आतील पडदा जाळते. तेव्हा पालकांस निरोप धाडून मुलास तसेच रुग्णालयात न्यावे.