सहाव्या वर्षाची दाढ

कित्येक आईबापांची अशी समजूत असते की, मुलाचा एकेक दुधाचा दात पडतो व त्याच जागी दुसरा येतो. यास्तव जोवर काही पडले नाही, तोवर तोंडात आहे ते सर्व दुधाचेच होय. ह्या समजुतीपायी पुष्कळ मुलांची एक मोलाची दाढ फुकट जाते.

मूल सुमारे ६ वर्षांचे झाले म्हणजे दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, हिरडीच्या रिकाम्या जागी, वरखाली मिळून ४ नव्या दाढा निघतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचे घरात कोणास कळत नाही. ह्या दाढा कायमच्या आहेत. त्या गेल्यास दुसऱ्या येणार नाहीत. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत गोड खाणे चिकटून राहते आणि कीड बहुधा तेथूनच लागते. माझ्या मुलीची अशी दाढ काळी पडलेली पाहून, "दुधाची आहे, पडेल," असे मीच म्हणालो होतो. दोन वर्षांनी ती काढावी लागली. ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. पुढच्या दोन दातांच्या मधून एका बाजूस मागे मोजीत जावे. पडलेल्या दाताची जागाही मोजावी. दुधाचे दात प्रत्येक बाजूस ५ च असतात. सहावी ती कायमची दाढ.

दुधाचे दात एकंदर २० असून ते अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. त्यांच्या खाली जबड्यात कायमचे दात गुप्तपणे वाढत असतात. वरील दाढ तर मुलाच्या जन्माच्या सुमारासच कठीण होऊ लागते. नवा दात वर सरकू लागला म्हणजे जुन्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते व दात हलतो. पडलेल्या दातास मूळ दिसत नाही, ते ह्याच कारणाने. ते आत मोडून राहिले अशी भीती बाळगू नये. मग तो दात शेणात घालून कौलांवर फेकावा की नाही, हा वाद मी येथे घालीत नाही.

खालचे पटाशीचे दात ६ ते ८ व्या वर्षी, वरचे ७ ते ९ व्या वर्षी बदलतात. दुधाच्या दाढांच्या जागी उपदाढा व वरचे सुळे १० ते १२ वर्षांच्या दरम्यान येतात, दुसरी दाढ सुमारे १२ व्या वर्षी आणि अक्कलदाढ १७ नंतर, किंवा कित्येकांस मुळीच नाही. वर्षभर मागेपुढे झाल्यास चिंता नको. नवे दात किंचित पिवळसर दिसतात, ती मळकट नव्हेत. खालचा नवा दात जुन्याच्या मागे उगवून दुहेरी रांग दिसली, तरी जुना पडल्यावर जीभ त्यास बहुधा पुढे लोटते. जुना हलतच नसेल तर मात्र दंतवैद्यास दाखवावे.

"पडणारच आहे" म्हणून दुधाची दाढ सडू देऊ नये. ती १० व्या वर्षाच्या पुढेही कामास यावयाची असते व खालील दाताची जागा राखते. ती आधीच गेली तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दातास वाट राहत नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट, वाटाण्याएवढी, सकाळी व रात्री निजताना लावून आईने किंवा बापाने स्वतः दात घासून द्यावे. ७-८ वर्षांपर्यंत मुलाच्या हातास ते नीट साधत नाही. मशेरी तर मुलाच्या दृष्टीसही पडू देऊ नये. ती तंबाखूच आहे.

खेळताना पडून कायमचा दात समूळ निघाला, तर तो मुळाकडे न धरता वरच्या भागास धरावा. मळला असल्यास क्षणभर पाण्याने धुवावा, घासू नये. लगेच त्याच खोबणीत बसवावा, नाही जमले तर दुधात ठेवावा, आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. तो पुन्हा धरू शकतो. दुधाचा दात असा उडाल्यास परत बसवू नये, कारण त्याने खालच्या वाढत्या दातास इजा होते.