यंत्राला ‘का?’ विचारण्याचा अधिकार

विद्यालयाच्या स्मरणिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. आपल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, नोकरीचे आणि कर्जाचे अर्ज आज संगणकावर भरले जातात. या अर्जांची छाननीही जगात अनेक ठिकाणी संगणकच करू लागला आहे. अर्ज नाकारला गेला तर ‘का?’ हे कोणाला विचारायचे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरातला आहे. त्याचा अभ्यास आम्ही येथे एका घडलेल्या घटनेच्या आधारे करीत आहोत.

घटना नेदरलँड्स या देशातील आहे. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी तेथील सरकार अनुदान देते. त्यात फसवणूक होऊ नये म्हणून कर खात्याने २०१३ पासून एक संगणकप्रणाली वापरली. जुन्या अर्जांवरून शिकून ती नव्या अर्जांना गुण देई. गुण जितके अधिक, तितका संशय अधिक. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिच्या निकषांपैकी एक होता. संशयित अर्ज अधिकाऱ्याकडे तपासणीस जाई. परंतु यंत्राने संशय का घेतला, हे त्या अधिकाऱ्यालाही कळत नसे.

त्यात कायद्याची अंमलबजावणी अत्यंत कठोर होती. किरकोळ चूक सापडली तरी संपूर्ण अनुदान परत मागितले जाई. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला. अनेक कुटुंबे कर्जात बुडाली, संसार मोडले. अशा कुटुंबांतील हजाराहून अधिक मुले घरापासून दूर, सरकारी देखरेखीखाली ठेवली गेली. परदेशी मुळाच्या आणि अल्प उत्पन्नाच्या घरांना याची झळ विशेष बसली. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय चौकशी समितीने या प्रकाराला अभूतपूर्व अन्याय ठरविले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रूटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच वर्षअखेरीस, नागरिकत्वाच्या माहितीचा बेकायदेशीर व भेदभावपूर्ण वापर केल्याबद्दल, तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने कर खात्याला २७.५ लाख युरोंचा दंड केला.

यंत्र कोणाचा द्वेष करीत नाही, मग त्याच्याकडून भेदभाव कसा होतो? यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. समाजाने ज्यांच्याकडे आजवर संशयाने पाहिले, त्यांच्याकडे तेही संशयाने पाहू लागते. ज्यांच्या नोंदीच कमी, त्यांना ते नीट ओळखत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांच्या चेहरा-विश्लेषण प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले.

आपल्याला हे समजायला कठीण नाही. आडनाव ऐकताच ‘खोली रिकामी नाही’ म्हणणारा घरमालक आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. यंत्राच्या अर्जात जातीचा रकाना नसला, तरी आडनाव, वस्तीचा पिनकोड आणि शाळेचे नाव यांतून तोच भेद आत शिरू शकतो. घरमालकाशी निदान भांडता तरी येते.

तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतूपूर्वक केलेल्या संकल्पाला, कर्म म्हटले आहे. यंत्राला चेतना नाही. म्हणून त्याच्या निर्णयाचे उत्तरदायित्व यंत्रावर टाकता येत नाही. निकष ज्याने निवडला, प्रणाली ज्याने विकत घेतली, निकालावर ज्याने सही केली, ते कर्म त्यांचे आहे. ‘संगणकाने नाकारले’ हे वाक्य म्हणजे कर्त्याने स्वतःला लपविणे होय. कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा उपदेश केला. संगणक सांगतो म्हणून स्वीकारणे, हे त्याच अंधश्रद्धेचे नवे रूप आहे.

परंतु केवळ शीलाचा उपदेश पुरत नाही. त्याला कायद्याची जोड लागते. संविधानातील अनुच्छेद ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, कारण दाद मागण्याचा मार्ग नसेल तर हक्क कागदावरच राहतो. याच दिशेने जगाची पावले पडत आहेत. युनेस्कोच्या १९३ सदस्य राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयीची शिफारस स्वीकारली; मात्र ती बंधनकारक नाही. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. माणसांना सामाजिक वर्तनावरून गुण देऊन त्यांचे अन्याय्य नुकसान करण्यास त्यात मनाई आहे. प्रवेश, नोकरभरती आणि सरकारी लाभ ठरविणाऱ्या प्रणाली अतिजोखमीच्या मानून त्यांच्यावर मानवी देखरेख आवश्यक केली आहे, आणि बाधित व्यक्तीला निर्णयाचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क दिला आहे.

भारतात २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी असा स्वतंत्र सर्वंकष कायदा अद्याप नाही. तरीही आपण निःशस्त्र नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. निर्णय संगणकाच्या साह्याने घेतला म्हणून हे कर्तव्य संपत नाही.

म्हणून पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी पुढील चार प्रश्न मुलांना शिकवावेत, अशी आमची विनंती आहे.

१. हा निर्णय कोणत्या निकषांवर झाला?
२. माझ्याविषयीची नोंद चुकीची असेल, तर ती कोठे दुरुस्त होईल?
३. या निर्णयाला जबाबदार असलेल्या व्यक्तीचे पद कोणते?
४. अपील कोणाकडे, आणि किती दिवसांत?

उत्तर लेखी मागावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. आपल्या आजोबा-पणजोबांना ‘का?’ विचारण्याची मुभा नव्हती. तो प्रश्न विचारायला शिकविण्यासाठीच अशी विद्यालये उभी राहिली. समोर माणूस असो वा यंत्र, आपल्या मुलांनी तो प्रश्न विसरू नये.