तिकीट टू टायरचे, बर्थ थ्री टायरचा

प्रश्न : आम्ही एसी टू टायरचे ई-तिकीट काढले होते. ऐनवेळी डबा बदलला आणि थ्री टायरमधून प्रवास करावा लागला. पैसे परत मिळतील का?

उत्तर : हो. खालच्या वर्गातून प्रवास करावा लागल्यास दोन्ही भाड्यांतला फरक परत मिळतो. मात्र त्यासाठी गाडीतच टीटीईकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. बहुतेक जण इथेच चुकतात. तोंडी आश्वासनावर विसंबून घरी येतात. तुमच्याकडे प्रमाणपत्र असेल, तर आयआरसीटीसीवर लगेच टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरा आणि मूळ प्रत त्यांना पाठवा. नसेल, तर बदललेल्या बर्थचा एसएमएस, फोटो, १३९ हेल्पलाइन किंवा रेल मददवरील तक्रारीचा क्रमांक, जे असेल ते जपून ठेवा.

फरक मिळाला म्हणून विषय संपत नाही. सोबत वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर झालेला त्रास ही सेवेतील त्रुटीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची भरपाई जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. आधी रेल्वेला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.