पेनड्राइव्हवरील सॉफ्टवेअर संगणकावर मागे काय ठेवते?

आमच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या अनेक मुलामुलींच्या खिशात आज एक पेनड्राइव्ह असतो. त्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या स्कॅन प्रती असतात आणि सोबत एखादा 'पोर्टेबल' ब्राउझर असतो. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला ही व्यवस्था फार सोयीची. काही काळापूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थिनीने तालुक्याच्या गावी नेटकॅफेत बसून शिष्यवृत्तीचा अर्ज अशाच रीतीने भरला. आठवड्याने ती पुन्हा त्याच संगणकावर बसली, तेव्हा अलीकडे उघडलेल्या फायलींच्या यादीत तिच्या वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचे नाव तिला दिसले. ती आम्हांला म्हणाली, "सर, पोर्टेबल म्हणजे मागे काही राहत नाही, असे तुम्हीच शिकवले होते ना?"

शिकवले होते, हे खरे. आणि न तपासता शिकवले होते, हेही खरे. म्हणून संगणक कक्षातील एक जुना संगणक बाजूला काढून आम्ही व दहावीच्या काही विद्यार्थ्यांनी ही गोष्ट पडताळून पाहिली. त्या तपासणीची रीत येथे मांडत आहोत.

प्रथम 'पोर्टेबल' या शब्दाचा अर्थ. नेहमीचे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ते आपल्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहिते. रजिस्ट्री म्हणजे संगणकाची मोठी नोंदवहीच. कोणता प्रोग्रॅम कोठे आहे, कोणाची कोणती आवड आहे, हे सारे तिच्यात असते. त्याखेरीज 'ॲपडेटा' नावाच्या फोल्डरात प्रत्येक वापरकर्त्याच्या फायली साठतात. पोर्टेबल सॉफ्टवेअर हे सारे पेनड्राइव्हवरील स्वतःच्या फोल्डरात ठेवू पाहते. जॉन हॉलर यांनी 2004 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरची पोर्टेबल आवृत्ती तयार केली आणि पुढे अशा प्रोग्रॅमांचा मोठा संग्रहच उभा राहिला. मात्र 'पोर्टेबल' हा शब्द कोणीही आपल्या प्रोग्रॅमला लावू शकतो.

तपासणीसाठी 'रेजशॉट' हे लहानसे मोफत साधन पुरते. ते रजिस्ट्रीचे एक चित्र आधी घेते, एक नंतर घेते आणि दोहोंतील फरक मजकूर-फायलीत लिहून देते. फोल्डर तपासण्याची सोयही त्यात आहे. परंतु त्यासाठी चौकटीत खूण करून फोल्डरचा मार्ग आपण द्यावा लागतो. पहिल्या वेळी आम्ही ते विसरलो आणि ॲपडेटातील बदल निसटले.

पहिला प्रयोग आम्ही उत्साहाने केला. एक चित्र घेतले, पेनड्राइव्हवरील प्रोग्रॅम चालवला, बंद केला, दुसरे चित्र घेतले. फरकांची यादी पानोपानी लांबली. मुले म्हणाली, "सर, हा प्रोग्रॅम तर चोर निघाला!" परंतु त्याच वेळी एका विद्यार्थ्याने योग्य प्रश्न विचारला: प्रोग्रॅम चालवलाच नसता, तर यादी कोरी आली असती काय? मग आम्ही तसेच करून पाहिले. एक चित्र घेतले, दहा मिनिटे संगणकाला हात लावला नाही, दुसरे चित्र घेतले. यादी कोरी नव्हती. विंडोज स्वतःच्या घड्याळाच्या, नेटवर्कच्या, अद्ययावत होण्याच्या नोंदी सतत बदलत असते. म्हणून आमच्या मते या तपासणीची खरी पहिली पायरी हीच की, काहीही न करता येणारी यादी आधी मिळवावी, तीही दोन-तीन वेळा, आणि प्रोग्रॅम चालवल्यानंतरच्या यादीतून ती वजा करावी. जे उरेल त्याचाच विचार करावा. (रेजशॉटच्या स्वतःच्या पाऊलखुणाही त्या यादीत सापडतात, हे मुलांना फार गमतीचे वाटले.)

वजाबाकीनंतर उरलेल्या नोंदी दोन प्रकारच्या निघाल्या, आणि सारा घोळ या दोहोंतील भेद न ओळखल्याने होतो.

एक प्रकार प्रोग्रॅमने स्वतः केलेल्या बदलांचा. चांगला पोर्टेबल प्रोग्रॅम येथे जवळजवळ निर्दोष ठरतो. काही प्रोग्रॅम चालू असताना रजिस्ट्रीत लिहितात व बंद होताना पुसून टाकतात. पण पुसण्याची संधी मिळाली तर! प्रोग्रॅम चालू असतानाच पेनड्राइव्ह ओढून काढला, की ते काम अर्धवट राहते. नेटकॅफेत वेळ संपत आली की आपण नेमके हेच करतो.

दुसरा प्रकार विंडोजने स्वतःहून ठेवलेल्या नोंदींचा. येथे प्रोग्रॅमचा काहीच इलाज चालत नाही. पेनड्राइव्ह जोडताच त्याची कंपनी, मॉडेल आणि बहुधा अनुक्रमांकही रजिस्ट्रीतील 'यूएसबीस्टोर' या भागात नोंदवला जातो. प्रोग्रॅम चालवला की 'विंडोज' फोल्डरातील 'प्रीफेच' या उपफोल्डरात त्याच्या नावाची, पीएफ या विस्ताराची फाइल तयार होते. विंडोज 10 मध्ये तिच्यात तो किती वेळा चालला आणि शेवटच्या आठ वेळा केव्हा चालला, हे असते. 'युझरअसिस्ट' नावाची आणखी एक नोंद आहे. तिच्यातील नावे वाचता येत नाहीत, कारण प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरे पुढे सरकवलेले असते: 'ए'च्या जागी 'एन', 'बी'च्या जागी 'ओ'. आमच्या मुलांनी कागदावर अक्षरे मांडून ती नावे दहा मिनिटांत उलगडली. आणि अलीकडील फायलींची ती यादीही विंडोजचीच. दाखला ब्राउझरमध्ये राहिला नव्हता. तो पेनड्राइव्हवरून थेट उघडून पाहिला गेला, तेव्हा त्याचे नाव यादीत चढले. फाइल तेथे नव्हती, नाव होते. परंतु फायलीच्या नावातच वडिलांचे पूर्ण नाव लिहिलेले असेल, तर तेवढेही पुष्कळ.

चित्रांच्या पद्धतीत एक उणीव राहते: मध्येच निर्माण होऊन पुसली गेलेली तात्पुरती फाइल दोन्ही चित्रांत दिसत नाही. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'प्रोसेस मॉनिटर' हे मोफत साधन चालू ठेवावे. त्यात केवळ आपल्या प्रोग्रॅमचे नाव निवडले, की तो कोणती फाइल केव्हा लिहितो हे ओळीओळीने दिसते. आम्ही एक पोर्टेबल ऑफिस प्रोग्रॅम असा पाहिला. त्याने उघडलेल्या अर्जाची तात्पुरती प्रत संगणकाच्याच 'टेम्प' फोल्डरात केली व बंद होताना पुसली. पुसलेली फाइल जुन्या हार्डडिस्कवरून कित्येकदा परत मिळवता येते, हे येथे ध्यानात घ्यावे.

असे प्रयोग घरच्या कामाच्या संगणकावर करू नयेत. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात वेगळी विंडोज उभी करावी, म्हणजे प्रत्येक प्रयोगानंतर मूळ स्थितीला परत जाता येते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही कळवले, ते असे: फायलींना नावाऐवजी साधे क्रमांक द्यावेत, दाखला आधी उघडून न पाहता थेट अर्जात जोडावा, प्रोग्रॅम बंद करून मगच पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढावा, आणि अलीकडील फायलींची यादी उठण्यापूर्वी रिकामी करावी. यूएसबीस्टोरमधील नोंद तरीही राहील, हेही कळवले. यंदापासून अर्ज भरण्याच्या दिवसांत संगणक कक्षातील दोन संगणक माजी विद्यार्थ्यांसाठी रविवारी दुपारी खुले ठेवले आहेत.