त्रेपन्न लिहिताना

बँकेत माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, ही सवय. म्हणून नातवाला आकडे लिहायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कुणालाच शंका आली नाही. मला तर नाहीच नाही.

नातू पहिलीत. मी संख्या सांगायच्या, त्यानं चौकटीच्या वहीत लिहायच्या. "त्रेपन्न," मी म्हणालो. त्यानं एक चौकट मोकळी सोडली, पुढच्या चौकटीत ३ काढला आणि मग मागे येऊन मोकळ्या जागेत ५ बसवला. उत्तर बरोबर होतं. मला मात्र ते मागे येणं खटकलं. "असं उलटं नाही लिहायचं, राजा. डावीकडून सुरुवात करायची."

त्यानं निमूट ऐकलं. पुढच्या आठवड्यात त्रेपन्नचे ३५ झाले, बेचाळीसचे २४, चौऱ्याहत्तरचे ४७. मी प्रत्येक चूक दहा-दहा वेळा लिहून घेतली. मग वही काढली की "आबा, पोटात दुखतंय" सुरू झालं. सून काही बोलली नाही, पण एका रविवारी वही कपाटावर गेली.

डोळे उघडले ते दुधाच्या पैशांनी. "डब्यातून त्रेपन्न रुपये आण," मी म्हणालो. त्यानं आधी तीन नाणी काढली, मग दहाच्या पाच नोटा. चूक नाही, घोटाळा नाही. तेव्हा कुठे मी तो शब्द नीट ऐकला. 'त्रे' आधी येतो, 'पन्न' नंतर. पोरगं कानाला येईल त्या क्रमानं लिहीत होतं आणि जागा सोडून लिहायची युक्ती त्यानं स्वतःच शोधली होती. ती मी मोडली.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेपन्नच्या जोडीला 'पन्नास तीन' असं वाचन आलं, तेव्हा कट्ट्यावर हसणाऱ्यांत मीही होतो. गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातात. आम्ही ऐकून घेतलं नाही. त्रेपन्न हा शब्द जावा असं मला आजही वाटत नाही. पण शिकताना दोन्ही म्हणायला काय हरकत आहे?

आता आमचा अभ्यास नोटा-नाण्यांवर चालतो. संख्या ऐकायची, दहाच्या नोटा डावीकडे, सुटे उजवीकडे मांडायचे, 'पन्नास तीन, त्रेपन्न' म्हणायचं आणि मगच पेन्सिल उचलायची. नोटा नसतील तर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा. एकोणसाठला तो ६१ लिहायचा, कारण कानावर एक आणि साठ येतात. 'एकोण' म्हणजे एक उणा, हे साठ रुपयांतलं एक नाणं काढून घेऊन दाखवलं, तेव्हा तो खूश झाला. (मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही, असंही त्यानं विचारलं. मी चहा प्यायला उठलो.)

३ आणि ६ एकमेकांची तोंडं फिरवून काढले तर घाबरू नका. या वयात ते होतंच. पाट्या भरवण्यापेक्षा ताटात रवा पसरून बोटानं गिरवू द्या. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, तीही पोराला काढू द्या. तेवढे १ कोणत्याही शिक्षेत लिहून होत नाहीत. इंग्रजी शाळेतलं मूल असेल तर मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत होणार. दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका.

आणि मूल मधे जागा सोडून मागे येताना दिसलं, तर लाल पेन खाली ठेवा. त्याचं लिहून संपू द्या, मग उत्तर तपासा.